कोळ्याला घरचा पत्ता सांगा!

बालमित्रांनो, समजा तुमच्या शाळेनं एक नवीकोरी वेबसाइट तयार केली. गावाबाहेरच्या तळ्यावर चक्रवाक कधी येतात, शेकाट्या कुठे उभा असतो, थापट्या कसा चरतो, अशी वर्षभराची निरीक्षणं तुम्ही तिच्यात मांडलीत. दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेनं तळ्याचं नाव गूगलवर टाकलंत, तर भलतंच काहीतरी समोर आलं. तुमची वेबसाइट कुठ्ठे नाही!

रुसू नका. वेबसाइट इंटरनेटवर आली हे खरं. पण शोधयंत्राला, म्हणजे सर्च इंजिनला, ती अजून सापडलेली नाही.

हा कोळी कोण?

आपण शब्द टाइप केला की शोधयंत्र त्याच क्षणी सारं जग धुंडाळतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं बरं का! पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी एक प्रचंड सूची त्यानं आधीच करून ठेवलेली असते. ती करण्यासाठी ‘क्रॉलर’ नावाचा प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतो. त्याला ‘स्पायडर’ म्हणजे कोळी असंही म्हणतात. मासे पकडणारा नव्हे, जाळ्यावर फिरणारा! तो एक पान वाचतो, त्यावरच्या लिंक टिपून घेतो आणि त्या लिंकवरून पुढच्या पानावर जातो. ज्या पानाकडे एकही लिंक जात नाही, ते त्याच्या लेखी नदीपलीकडचं, पूल नसलेलं गाव!

थोडी जुनी गंमत

जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत केली. १९९१ साली ती सर्वांसाठी खुली झाली. तेव्हा वेबसाइट इतक्या थोड्या होत्या, की त्यांची यादी हातानंच ठेवता येई. डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठातून ‘जंपस्टेशन’ सुरू झालं. स्वतः फिरायचं, स्वतः सूची करायची आणि विचारलं की शोधून द्यायचं, ही तिन्ही कामं ते करी.

१९९५ साली आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’वर आपल्या वेबसाइटचा पत्ता नोंदवायची सोय होती. झालं! लबाड लोकांनी प्रोग्रॅम लिहून ढीगभर पत्ते भरायला सुरुवात केली. म्हणून १९९७ साली तिथल्या संशोधकांनी एक युक्ती केली: वाकडीतिकडी अक्षरं दाखवायची आणि ती ओळखेल त्याचाच पत्ता घ्यायचा. ‘तुम्ही माणूसच आहात ना?’ अशी जी परीक्षा आजही इंटरनेटवर द्यावी लागते, तिचा हा एक अगदी सुरुवातीचा वापर.

मग आपण काय करायचं?

पहिलं काम, पूल बांधा. शोधयंत्राला आधीच ठाऊक असलेल्या वेबसाइटवरून तुमच्याकडे लिंक हवी. शाळेची जुनी वेबसाइट असेल तर तिच्यावर द्या. जवळच्या पक्षिमित्र मंडळाला तुमच्या नोंदी दाखवा. आवडल्या तर ते आपणहून लिंक देतील.

दुसरं, नकाशा द्या. वेबसाइटवरच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची जी फाइल असते, तिला ‘साइटमॅप’ म्हणतात. गूगलनं ही पद्धत २००५ साली सुरू केली. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात. आपल्याला दहा पुरे! ‘गूगल सर्च कन्सोल’ आणि ‘बिंग वेबमास्टर टूल्स’ या मोफत सेवांमध्ये ती फाइल देता येते. इथं शिक्षकांची किंवा आई-बाबांची मदत घ्या.

तिसरं, दाराची कडी काढा. वेबसाइट अर्धवट असताना ‘कोळ्यानं येऊ नये’ अशी सूचना पुष्कळदा लावून ठेवतात आणि नंतर काढायची विसरतात. मग पाहुणा दारातूनच परत!

चौथं, अक्षरं वाचता येऊ द्या. १९९० च्या दशकात मराठी वेबसाइटचे फॉन्ट निरनिराळे असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत भलत्याच अक्षराचा क्रमांक असे. आता युनिकोडमुळे मराठी अक्षरांना जगभर एकच क्रमांक आहे. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. हातानं लिहून नुसता फोटो चिकटवू नका. पानाला ‘मुखपृष्ठ’ असं मोघम नाव नको. गावाचं नाव घालून ‘तळ्यावरचे हिवाळी पक्षी’ असं लिहा. लोक तेच शोधतात ना?

एवढं केलं की थांबायचं. काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. पुन्हा पुन्हा विनंती केल्यानं कोळी धावत येत नाही!

लबाडी नको

एकच शब्द शंभरदा लिहिणं, पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं लपवणं, असले प्रकार करून पाहणारे पुष्कळ. पण शोधयंत्रं ते ओळखतात. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलनं बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट आपल्या सूचीतून काढून टाकली होती. कारण? कोळ्याला एक पान दाखवायचं आणि माणसाला दुसरंच! ती पानं हटवल्यावरच वेबसाइट परत आली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तिथं आपलं काय!

पालकांनो, ‘पैसे द्या, हमखास पहिला नंबर देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. आणखी एक. वेबसाइट सापडली म्हणजे ती सगळ्यांनाच सापडली. म्हणून मुलांची पूर्ण नावं, फोन नंबर, घरचे पत्ते तिच्यावर मुळीच नकोत.

आता कोळी येऊन गेला का, ते कसं ओळखायचं? गूगलवर इंग्रजीत ‘साइट’ लिहा, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं द्या आणि जागा न सोडता वेबसाइटचा पत्ता टाका. तुमची पानं दिसली की समजा, पाहुणा येऊन गेला! मग मात्र नव्या नोंदी घालत राहा. हिवाळा आला, की तळ्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ असतं!