पांढरींतील घर : एका खरेदीची हकीकत

दोन वर्षांपूर्वीं माझा भाचा सुटीवर आला तो डोक्यांत एक वेड घेऊनच. नोकरीनिमित्त तो युरोपांत असतो. सिसिली बेटावर सांबुका नांवाचें गांव आहे. तेथील नगरपालिकेनें सन २०१९ मध्यें ओस पडलेलीं दगडी घरें एक युरोपासून पुढें बोली लावून विकावयास काढलीं, तीं ठराविक मुदतींत दुरुस्त करण्याच्या अटीवर. तसलीं घरें पाहून त्याला आपलें आजोळ आठवलें. "मामा, आपल्या जुन्नर-आंबेगांवाकडे असे दगडी वाडे कुलपें लावून पडले आहेत. त्यांतला एखादा पाहून ठेवा," असें म्हणून त्यानें तें काम मजवर सोंपविलें. मीं जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलें; घर विकत घेण्याची विद्या मला अगदींच नवी. परंतु या खटपटींत जें समजलें तें अशाच बेतांत असलेल्या वाचकांस उपयोगीं पडेल असें वाटतें.

आपल्याकडे गांवच्या भूमीचे दोन भेद फार जुने आहेत : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद कायद्यांत आजही जिवंत आहे. सन १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणें जो शेतकरी नाहीं त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेतां येत नाहीं. परदेशीं राहणाऱ्या भारतीयाला तर शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेणें वर्ज्यच. राहतें घर मात्र तो घेऊं शकतो. पश्चिमेकडे महादेव कोळ्यांच्या वस्तींत गेलें तर आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवांचून हस्तांतरित होत नाहीं. तेव्हां रानांतील टुमदार घर दाखवून दलाल कितीही भुलवो, आम्हांस गांवठाणांतील घर पाहणेंच भाग होतें. डोंगराच्या कुशींतील घर नको, हेंही मीं प्रथमच ठरविलें. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव पावसांत खचलेल्या डोंगराखालीं गाडलें गेलें आणि दीडशेंच्या आसपास माणसें गेलीं, हें त्या भागांत कोणी विसरलेलें नाहीं.

शेवटीं जुन्नर तालुक्यांत पूर्वेच्या अंगास एक वाडा मनास आला. पांच खणांचा, पुढें ओटा, आंत पडवी, माजघर, देवघर, मागें परसू. काळ्या दगडाची भिंत दोन हात जाड. भाचा त्या भिंतीवरच लुब्ध झाला. पण बरोबर नेलेल्या गवंड्यानें ओळंबा सोडून दाखविला, तेव्हां एके ठिकाणीं भिंतीचें पोट पुढें आलेलें दिसलें. तो सांगूं लागला कीं, जुनी भिंत वरून दिसते तशी एकसंध नसते. आंतून व बाहेरून दगडाचे दोन पदर, आणि मधें चिपा व माती. छप्परांतून पाणी उतरलें कीं मधली माती वाहते आणि भिंत फुगते. म्हणून दगडी घर घेणाऱ्यानें दगडाआधीं कौलें आणि वांसे पाहावेत. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याची जी चाल पडली आहे तीही घातक. सिमेंट ओल आंत कोंडून ठेवतें, चुना ती बाहेर पडूं देतो. चुना मिळतो, मात्र तो नीट घोटून देणारा माणूस शोधण्यांत आमचा एक हिंवाळा गेला.

पण खरी अडचण दगडांत नव्हती, ती कागदांत होती. गांवठाणांतील घराला शेताप्रमाणें सातबारा नसतो. मोजणी झालेल्या गांवीं मिळकत-पत्रिका असते. लहान गांवांतून ती फारशी नव्हतीच. २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोन उडवून गांवठाणें मोजूं लागले, तेव्हांपासून त्या मिळूं लागल्या आहेत. आमच्या वाड्याची पत्रिका तयार व्हावयाची होती. होता तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि त्यावर मुंबईंत राहणाऱ्या तिघां सख्ख्या भावांचीं नांवें. पण हा उतारा घरपट्टीचा; त्यावर नांव असलें म्हणजे मालकी सिद्ध झाली असें नव्हे. भाचा विसार देण्यास उतावीळ झाला होता. मीं म्हटलें, "आधीं वंशावळ लिहून काढूं."

वंशावळ लिहितांना त्यांची आत्या निघाली. वाडा आजोबांनीं स्वकष्टाच्या पैशानें घेतलेला. ते सन १९७१ मध्यें मृत्युपत्र न करतां वारले. सन १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें मुलगा व मुलगी सारखेच वारस. त्या कायद्यांत एक कलम २३ असे : पुरुष वारस वाटणी करीपर्यंत राहत्या घराची वाटणी मुलीला मागतां येत नसे. सन २००५ च्या दुरुस्तीनें तें कलम गेलें, पण लोकांच्या मनांतून अजून गेलेलें नाहीं. त्याच दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींतही मुलीला जन्मतः हक्क मिळाला. विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेंतील पुत्राचा जन्मसिद्ध हक्क मीं विद्यार्थ्यांना किती वेळां समजावून सांगितला असेल; मुलींचें काय, हा प्रश्न वर्गांत कोणीं विचारला नाहीं, आणि मीही उपस्थित केला नाहीं.

हिशेबानें निम्मा वाडा आत्याबाईंचा होता. भाऊ म्हणाले, "ती कशाला अडवील? सही देईल." ती सही आणण्यास मलाच पाठविलें. ओतूरच्या बाजूस एका वस्तीवर ऐंशींच्या घरांतल्या त्या बाई भुईमुगाच्या शेंगा निवडीत बसल्या होत्या. सगळें ऐकून घेऊन म्हणाल्या, "गुरुजी, सहीला माझी ना नाहीं. पण माझे भाचे कां नाहीं आले? लग्नाची अक्षत वेळेवर येते मला. वाड्याचें मात्र पन्नास वर्षांत कोणी बोललें नाहीं." मजजवळ उत्तर नव्हतें. मी तसाच परत आलों आणि भाच्याला सांगितलें कीं, बाईंच्या घरीं ते तिघे गेल्याशिवाय एक पैसा द्यावयाचा नाहीं.

आठ महिने गेले. मोठा भाऊ माझ्याशीं बोलेना. भाच्यालाही मी उगाच फांटे फोडतों असें वाटूं लागलें. अखेर दिवाळींत तिघेही ओतूरला गेले. बाईंनीं निम्मा मागितला नाहीं. चौघांचे चार सारखे वाटे करा म्हणाल्या, आणि पैसे आपल्या नांवच्या खात्यांतच हवेत एवढें बजावलें. खरेदीखताच्या दिवशीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत त्यांनीं अंगठा न देतां सावकाश, जोडाक्षरासह सही केली.

परततांना त्या वाड्यांत उतरल्या. माजघरांत क्षणभर थांबल्या, परसांत जाऊन आल्या, आणि गवंड्याला हांक मारून ईशान्येच्या कोपऱ्याकडे बोट केलें. "ती पन्हळ माझ्या लहानपणापासून गळते. बाबा दरवर्षीं कौलें बदलीत, तुळईकडे कोणी बघत नसे." गवंड्यानें शिडी लावली, कौलें उतरवलीं आणि तुळईंत पहार टोचली. ती वीतभर आंत गेली.