पडद्यावर काय दाखवावे, तोंडाने काय सांगावे?



गळीत हंगाम संपला की आपल्याकडे मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. गटवार शेतकरी मेळावे, ऊस पीक परिसंवाद, ठिबकची चर्चासत्रे आणि पुढे वार्षिक सर्वसाधारण सभा. जुन्या सभासदांना आठवत असेल, पूर्वी शेतकी खात्याची जीप यायची, तीतून स्लाइड प्रोजेक्टर उतरायचा, शाळेच्या भिंतीवर पांढरा कपडा ताणला जायचा आणि खट् खट् आवाज करीत एकेक रंगीत चित्र पुढे सरकायचे. आता ते यंत्र राहिले नाही. कोडॅक कंपनीने तर २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणेच थांबवले. १९८७ साली बाजारात आलेल्या पॉवरपॉइंटने हळूहळू त्याची जागा घेतली. आणि विशेष म्हणजे पडद्यापुढे आता फक्त साहेबच उभे राहतात असे नाही. चांगला उतार काढणारा सभासद, पदवी घेऊन शेतीत उतरलेला त्याचा मुलगा, बचत गटातील भगिनी, साऱ्यांनाच "तुमचा अनुभव स्लाइडवर दाखवा" म्हणून बोलावणे येते.

म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहे. शहाणपण शिकवावे म्हणून नव्हे. मला स्वतःला ठेच लागली म्हणून.

एकतिसावी स्लाइड

२०१८ च्या मे महिन्यात मी एका गावी हुमणीवर बोलायला गेलो होतो. तयारी जोरात केली होती. ४२ स्लाइड! पहिल्यांदा किडीचे शास्त्रीय नाव, मग अंडी, अळी, कोष, भुंगेरा असा जीवनक्रमाचा तक्ता, मग औषधांची लांबलचक यादी. अक्षर बारीक, कारण एका स्लाइडवर पुष्कळ मजकूर बसवायचा होता. मी पडद्याकडे तोंड करून वाचत होतो आणि मंडळी माझ्या पाठीकडे बघत होती.

खरी कामाची गोष्ट एकच होती. पहिला वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर निघतात आणि संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. एकदा मादीने जमिनीत अंडी घातली की मग अळी मुळ्या खात बसते, आणि तिला गाठणे अवघड. ही गोष्ट माझ्या एकतिसाव्या स्लाइडवर होती. तोवर चहा आला, आणि निम्मी मंडळी उठली.

सप्टेंबरात त्याच गावात गेलो. उसाची पाने पिवळी पडून वाळत चालली होती. एका वयस्कर सभासदाने बेट नुसते हाताने उपटून माझ्यापुढे धरले. मुळ्या शिल्लकच नव्हत्या.

"सायेब, येवढं हुणार हुतं तर मे म्हैन्यातच सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं होतं की काका. स्लाइडवर होतं."

"आसंल. पर आमाला दिसलं न्हाई."

यावर मला बोलायला जागा नव्हती. मी दाखवले होते हे खरे. पण त्यांना दिसले नाही, हे त्याहून खरे.

शेवटच्या ओळीतला धोका

असा घोटाळा आपल्याच गावात होतो असे समजू नका. हरियाणातील कर्नालची कन्या कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती, ते यान १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना फुटले आणि सातही अंतराळवीर दगावले. १६ जानेवारीला उड्डाण होताना बाहेरच्या टाकीवरील फेसाचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी वरिष्ठांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचून मनाला धीर यावा असा होता. जुन्या चाचण्या पाहता फारशी चिंता नाही, असे त्यातून वाटे. खरी गोष्ट मात्र अगदी तळच्या ओळीत होती : चाचणीतला तुकडा होता ३ घन इंचांचा, आणि पंखावर आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा! वरिष्ठांनी मथळा वाचला आणि पुढे गेले.

अपघाताला इतरही कारणे होती, सारा दोष एका स्लाइडच्या माथी मारता येणार नाही. पण ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. ती वाचून हा प्रश्न जिवावरचा आहे हे वरिष्ठांच्या ध्यानात आले नसावे, असाच त्याचा अभिप्राय होता. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांचे जिथे असे होते, तिथे दिवसभर पाणी देऊन दमून आलेल्या शेतकऱ्याने तळची ओळ वाचावी, ही अपेक्षा आपण कशी धरावी?

तयारी : आधी कागद, मग लॅपटॉप

पहिली गोष्ट. लॅपटॉप उघडण्याआधी साध्या कागदावर एक वाक्य लिहा : "घरी गेल्यावर माणसाने काय करावे?" हे वाक्य लिहिता येत नसेल तर भाषण अजून तयार नाही असे समजावे. लिहिता आले, तर तीच पहिली स्लाइड आणि तीच शेवटची.

दुसरी गोष्ट. एका स्लाइडवर एकच मुद्दा. मथळ्यात नुसते "हुमणी नियंत्रण" लिहू नये. "वळीव पडला की त्याच संध्याकाळी भुंगेरे गोळा करा" असे पुरे वाक्य लिहावे. बाकीचा तपशील तोंडाने सांगावा. औषधांची नावे व मात्रा छापील कागदावर द्याव्यात. त्या पडद्यावरून कोणी उतरून घेत नाही, आणि घेतल्या तर चुकतात.

तिसरी गोष्ट अक्षरांची. जुन्या स्लाइडवाल्यांची एक पारख होती : स्लाइड हातभर अंतरावर उजेडात धरावी, नुसत्या डोळ्यांनी अक्षर वाचता आले तर शेवटच्या रांगेलाही वाचता येईल. आज लॅपटॉप टेबलावर ठेवून आठ-दहा पावले मागे जाऊन बघावे, म्हणजे झाले. पांढऱ्यावर पिवळे अक्षर कधी घालू नये, दिवसाच्या उजेडात ते नाहीसेच होते.

चौथी गोष्ट फोटोंची. फोटो शक्यतो आपल्याच शिवारातला असावा. किडीचा फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा नाणे ठेवावे. नाही तर पडद्यावर भुंगेरा म्हशीएवढा दिसतो आणि खरा किती ते कळत नाही. दुसऱ्याच्या शेताचा फोटो दाखवताना त्याला आधी विचारावे. भर सभेत कोणाचे वाळलेले पीक दाखवून त्याची मान खाली घालायला लावू नये.

पाचवी गोष्ट आकड्यांची. सभेत उताऱ्याचा तक्ता दाखवतात, दहा वर्षांचे दहा रकाने. त्याऐवजी असे सांगून बघा : ११ टक्के उतारा म्हणजे एक टन उसातून ११० किलो साखर. उतारा अर्धा टक्का घसरला तर टनामागे ५ किलो गेली, आणि १ लाख टन गाळपावर ५ हजार क्विंटल गेली. हे ऐकले की मागच्या रांगेतला माणूसही विचारतो, "का गेली?" आणि सभासदाने हा प्रश्न विचारावा, यासाठीच तर सभा असते. आकडे झाकण्यासाठी पडदा नाही, उघडे करण्यासाठी आहे. हेक्टरऐवजी एकर-गुंठ्यात बोलावे, हे वेगळे सांगायला नकोच.

प्रत्यक्ष सांगताना

अर्धा तास आधी पोचावे. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आपली मराठी अक्षरे फुटतात आणि "ऊस" च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. जुन्या पद्धतीचे फॉन्ट दुसऱ्या यंत्रात नसले की असे होते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि पीडीएफ प्रतही पेनड्राइव्हवर ठेवावी. प्रोजेक्टरचा उजेड दिवसा मार खातो. कार्यक्रम दिवे लागल्यावर ठेवावा, नाही तर खिडक्यांना पोती लावावीत. आणि वीज जाणार हे धरूनच चालावे. भाषण असे असावे की वीज गेली तरी हातात एक उपटलेले बेट घेऊन पुरे करता येईल.

पडद्याकडे पाठ आणि माणसांकडे तोंड. स्लाइड वाचून दाखवू नये, मंडळींना वाचता येते. नवीन चित्र आले की घटकाभर गप्प राहावे, बघू द्यावे. वीस मिनिटांत आवरावे आणि तेवढाच वेळ प्रश्नांना द्यावा. शेवटी "समजलं का?" असे विचारू नये, सगळे "हो" म्हणतात. "आता काय करायचं, ते तुम्हीच सांगा" असे विचारावे.

सात स्लाइड

पुढच्या वर्षी, २०१९ च्या मे महिन्यात, त्याच गावात पुन्हा गेलो. या खेपेला सात स्लाइड नेल्या. पहिलीवर गावातल्याच पाराजवळच्या कडुनिंबाचा फोटो आणि खाली ते एक वाक्य. मग तळहातावरचा भुंगेरा. मग बादली. मग वेळ : दिवेलागणीनंतर. मग आदल्या सप्टेंबरातले ते मुळ्या नसलेले बेट, काकांना विचारूनच दाखवलेले. मग कोणत्या आळीने कोणती झाडे बघायची त्याची यादी, कारण भुंगेरा बांध ओळखत नाही, हे काम साऱ्या गावाने मिळूनच करायचे असते. आणि शेवटी पुन्हा पहिलीच स्लाइड. नंतर मागे बसलेल्या एका आजींना विचारले, "काय करायचं?" त्यांनी सगळे जसेच्या तसे सांगितले, वर "रॉकेल कुठनं आणायचं ते बोला" असा प्रश्नही टाकला. त्याचे उत्तर माझ्या एकाही स्लाइडवर नव्हते! ते तिथेच बसून सर्वांनी ठरवले.

काही दिवसांनी वळीव पडला. रात्री साडेनऊला फोन वाजला. काका होते.

"सायेब, तीन बादल्या भरल्या. पोरं अजून झाडाखालीच हायेत."

असो. या मे महिन्यात आपल्यापैकी जे कोणी पडद्यापुढे उभे राहणार असतील, त्यांनी आदल्या रात्री स्लाइड मोजू नयेत. आपली एकतिसावी कोणती ते शोधावे, आणि ती पहिली करावी.