मार डोक्यास, सुई मानेस

घरांतील एखादा मुलगा स्कूटरवरून पडतो, डोक्यास मार बसतो, कांहीं वेळ त्यास सुचेनासें होतें. दवाखान्यांत सी. टी. स्कॅन काढतात, त्यांत दोष आढळत नाहीं आणि सर्व घर सुटकेचा निःश्वास टाकतें. परंतु तीन महिने उलटले तरी मुलाचें कपाळ ठणकतच असतें. वाचावयास बसवत नाहीं, उजेड सोसवत नाहीं. मग माजघरांत कुजबूज सुरू होते : ‘फोटोंत तर कांहीं आलें नाहीं, हें परीक्षा चुकविण्याचें सोंग तर नव्हे?’ अशी शंका घेणाऱ्या वडील मंडळींस आम्ही आज दोन शब्द सांगूं इच्छितों.

मोडलेलें हाड व सांकळलेलें रक्त चित्रांत उमटतें. मज्जातंतूंचा क्षोभ उमटत नाहीं. मार बसल्यापासून ७ दिवसांच्या आंत सुरू झालेली डोकेदुखी वैद्यकशास्त्र आघातजन्य मानतें, आणि ३ महिन्यांनंतरही ती हटली नाहीं तर तिला चिवट समजतें. अशा रोग्यास कित्येकदां डॉक्टर डोक्याच्या मागें, मानेच्या वरच्या बाजूस, बधिर करणारें औषध टोंचतात.

दुखतें कपाळ आणि सुई मानेस, हें कसें ? मानेच्या दुसऱ्या मज्जातंतूची एक जाड शाखा डोक्याच्या मागील कातडीस संवेदना पुरविते. कपाळ व डोळे यांचा मज्जातंतु निराळा. परंतु दोहोंचे निरोप मज्जारज्जूच्या वरच्या टोकास एकाच ठाण्यावर पोंचतात. मागून येणारा गलबला थांबला म्हणजे त्या ठाण्यावरील क्षोभ शमून कपाळही निवतें, अशी उपपत्ति आहे. यासाठीं वापरण्यांत येणारें लिडोकेन स्वीडनमध्यें नील्स लोफग्रेन यांनीं १९४३ सालीं तयार केलें. दांत काढतांनाही तेंच टोंचतात.

त्याची बधिरता कांहीं तासांत ओसरते; तथापि कांहीं रोग्यांस आराम आठवडेच्या आठवडे टिकतो. कांहींस मुळींच गुण येत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. या विषयावरील अभ्यास अद्याप लहान प्रमाणावरचेच आहेत. टोंचलेली जागा दुखते, थोडी भोंवळ येते. स्टेरॉइड मिसळल्यास तेथील केंस जाऊं शकतात. कवटीवर पूर्वीं शस्त्रक्रिया झाली असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर तें डॉक्टरांस आधींच सांगावें.

आणखी एक इशारा. वेदनाशामक साध्या गोळ्याही महिन्यांतून १५ दिवस वा अधिक, अशा महिनोनमहिने घेतल्यास त्यांनींच डोकेदुखी जडते. आणि दुखणें वाढत जाणें, वारंवार वांति, अनावर गुंगी, झटके किंवा हातापायांतील शक्ति जाणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

सुई द्यावयाची कीं नाहीं, हें तज्ज्ञ ठरवितील. परंतु ‘बाळ, तुझें दुखणें खरें आहे’ एवढें म्हणावयास तज्ज्ञाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. तें घरांतील वडिलांनींच म्हणावयाचें आहे.