विंचू चावला तर आधी कुणाला विचारायचं?



आपल्या जालना जिल्ह्यात बांधावरच्या दगडाखाली किंवा सोयाबीनच्या गंजीत विंचू निघणं काही नवीन नाही. विंचू चावला की घरातले आधी काय करतात? कुणी शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना विचारतं, कुणी विंचू उतरवणाऱ्याकडे पळतं, तर कुणी मोबाईलवर उपाय शोधतं. दवाखान्याचं नाव बऱ्याचदा शेवटी निघतं.

याला नुसतं अडाणीपण म्हणून चालणार नाही. आजारपणात कुणाचं ऐकायचं हे ठरवताना माणूस तीन गोष्टी बघतो. सांगणारा जवळ आहे का? ओळखीचा आहे का? आणि त्याच्या उपायाने आधी कुणाला गुण आला का?

खरी फसगत होते ती तिसऱ्या गोष्टीत. विंचू चावलेल्या बहुतेकांचं दुखणं काही तासांनी आपोआपच कमी होतं. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवाला जास्त धोका असतो तो लहानशा लाल विंचवाचा. इंगळीचं दुखणं थांबलं की माणूस म्हणतो, "मंत्रानं उतरला!" ही गोष्ट गावभर होते. लाल विंचवाने एखादं लेकरू दगावलं, तर मात्र "त्याचं आयुष्यच तेवढं होतं" म्हणून विषय मिटतो. म्हणजे बरे झालेले मोजले जातात, गेलेले कुणी मोजत नाही.

हा हिशेब नीट मांडला तो आपल्याच जिल्ह्यातल्या देहेड गावच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. रायगड जिल्ह्यातल्या महाड भागात त्यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे आणि नंतर फुप्फुसात पाणी होऊन दम लागणे, ही धोक्याची लक्षणं त्यांनी दाखवून दिली. १९८२ साली हे निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जण दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून कुणाचाही सल्ला घेताना स्वतःला विचारा: बरे न झालेल्यांचा हिशेब हा माणूस सांगतो का? आपल्याला जमणार नाही असं दिसलं, तर तो लगेच दवाखान्यात पाठवतो का? मोबाईलवरचा व्हिडिओ या दोन्ही प्रश्नांना उत्तर देत नाही.

जवळचं आणि ओळखीचं माणूस तर हवंच. गावातली आशाताई तशीच आहे. तिचा नंबर, प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे तिन्ही आकडे आजच मुलांकडून घराच्या भिंतीवर लिहून घ्या. रात्री विंचू चावल्यावर नंबर शोधत बसायला वेळ नसतो.