कोल्हापूरच्या तळ्याकाठचा 'इम्प्रेशनिस्ट': आबालाल रहिमान कोण होते?

मोनेची कमळं इन्स्टाग्रामवर तुम्ही नक्की पाहिली असतील. आबालाल रहिमान यांची चित्रं?

आधी इम्प्रेशनिझमबद्दल थोडक्यात. १८४१ मध्ये रंगाच्या ट्यूबचं पेटंट निघालं आणि स्टुडिओबाहेर बसून रंगवणं सोपं झालं. पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनात वारंवार नाकारल्या गेलेल्या चित्रकारांनी १८७४ मध्ये स्वतःचंच प्रदर्शन भरवलं. मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या चित्रावरून लुई लेरॉय या समीक्षकाने त्यांची टर उडवली आणि तेच नाव चिकटलं. त्यांना वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेला उजेड रंगवायचा होता. टेंभी नाक्यावरून तलावपाळीला एकदा सकाळी सातला आणि एकदा भर दुपारी जाऊन बघा. पाणी तेच, रंग भलतेच.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि पुढे छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. जे. जे.ची तालीम ब्रिटिश वळणाची, अचूक रेखाटनाची. पण कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेच्या त्यांच्या निसर्गचित्रांत रेषा विरघळते, उरतो तो पाण्यावरचा उजेड. म्हणून त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हटलं जातं. हा शिक्का मला जरा घाईचा वाटतो. रोज एकाच तळ्याकडे बघणाऱ्या माणसाला उजेड कळायला पॅरिस कशाला लागतं?

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं सांगितलं जातं. १९३१ मध्ये त्यांचं निधन झालं. वाचलेली काही चित्रं कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला गेलात की तिथेही डोकवा.