एफ३ दाबलं की एफ१२? कॉम्प्युटरला हे कळतं कसं?

मोबाईलवरून पैसे पाठवताना मध्येच बॅक दाबलं तर आपल्याला घाम फुटतो. पैसे गेले की राहिले? ॲपलाही तोच प्रश्न पडलेला असतो, फक्त दुसऱ्या बाजूने. समोरचा माणूस काम संपवून गेला की अर्ध्यात सोडून?

हा प्रश्न स्मार्टफोनपेक्षा बराच जुना आहे. २१ जून १९८८ ला आयबीएमने एएस/४०० हा मिडरेंज कॉम्प्युटर आणला. मिडरेंज म्हणजे मेनफ्रेमपेक्षा लहान, पण अख्खी कंपनी सांभाळणारा. गंमत म्हणजे तेव्हा आयबीएम भारतात नव्हतीच. १९७८ मध्ये गेलेली ही कंपनी टाटांच्या साथीने १९९२ मध्ये परतली. पुढे या मशीनवरचे प्रोग्राम सांभाळायचं काम पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांकडेही आलं. आज त्याची सिस्टीम आयबीएम आय या नावाने चालते. काळ्या स्क्रीनवरची हिरवी अक्षरं मात्र अजून तीच.

या स्क्रीनवरून बाहेर पडायचे दोन रस्ते. एफ३ म्हणजे काम सोडून थेट बाहेर, एफ१२ म्हणजे एक पाऊल मागे. स्क्रीन प्रोग्रामरने स्वतः बनवली असेल तर कोणती की दाबली हे सरळ कळतं. खरी अडचण प्रोग्रामने सिस्टीमची तयार स्क्रीन उघडली की सुरू होते.

समजा, वडिवळे-कामशेत भागातल्या दूध उत्पादकांची बिलं काढणारा एक प्रोग्राम आहे. तो क्लार्कसमोर कमांडची स्क्रीन उघडतो. तारीख चुकली म्हणून क्लार्क एफ१२ दाबतो. कमांड चालतच नाही आणि सिस्टीम प्रोग्रामला सीपीएफ६८०१ हा एरर मेसेज पाठवते. कोणती की दाबली तेही त्यात असतं. प्रोग्रामरने तो मेसेज पकडलाच नसेल, तर क्लार्कसमोर सी, डी, आय, आर असे चार पर्याय येतात आणि बिचारा चक्रावतो. पण निदान काहीतरी बिनसलंय हे त्याला कळतं. त्याहून वाईट म्हणजे 'कुठलाही एरर आला तरी पुढे चला' असं सरसकट लिहून ठेवणं. मग प्रोग्राम पुढे जातो, 'बिलं पाठवली' असं दाखवतो आणि शेतकरी पैशांची वाट बघत बसतो. असा आळशी कोड फार सापडतो. सीपीएफ६८०१ वेगळा पकडायचा, बाकीचे एरर वेगळे, एवढी शिस्त हवीच.

यादी दाखवणाऱ्या स्क्रीन, म्हणजे प्रिंटसाठी थांबलेल्या फाइल्स वगैरे, आणखी अवघड. तिथून बाहेर पडणं हा एरर नसतोच, त्यामुळे मेसेजही येत नाही. मात्र सिस्टीम चालू जॉबवर दोन खुणा ठेवते, एक एक्झिटची आणि एक कॅन्सलची. क्यूयूएसआरजॉबआय या एपीआयला जेओबीआय०६०० या फॉरमॅटमध्ये विचारलं की त्या वाचता येतात. ० म्हणजे की दाबली नाही, १ म्हणजे दाबली.

इथेही एक मेख आहे. आधीच्या स्क्रीनवरची खूण तशीच राहिली असेल तर प्रोग्राम फसतो. म्हणून स्क्रीन उघडण्याआधी क्यूडब्ल्यूसीसीसीजॉब या दुसऱ्या एपीआयने दोन्ही खुणा ० करायच्या, स्क्रीन दाखवायची आणि ती बंद झाल्या झाल्या खुणा वाचायच्या. मध्ये दुसरी कुठलीही स्क्रीन येऊ द्यायची नाही.