काडी तीच, टोक नवे

मिस्वाक तुमच्या ओळखीची आहे. जोगेश्वरी, कुर्ला अशा भागांत मशिदीबाहेर ती विकायला असते. पिलू नावाच्या झाडाची ही काडी. तिचे टोक चावले की धागे मोकळे होतात आणि ब्रश तयार होतो. काही दिवसांनी ते धागे मऊ पडतात, तुटतात. मग काय करतात? तेवढे टोक कापून टाकतात आणि पुढचा भाग चावून नवा ब्रश करतात. काडी तीच, टोक नवे.

विजेच्या ब्रशाचेही असेच आहे. हा ब्रश 1954 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निघाला. त्याच्या मुठीत छोटी मोटर असते. मुठीवर बसते ते ब्रशाचे डोके. दुकानदार त्याला 'हेड' म्हणतात. मोटर या डोक्याला मिनिटाला हजारो वेळा हलवते. मूठ काही वर्षे टिकते. डोके मात्र सुमारे तीन महिन्यांनी बदलावे, असे दंतवैद्य सांगतात.

इतक्या लवकर का? डोक्यावरचे तंतू नायलॉनचे असतात. नायलॉनचे ब्रश 1938 साली अमेरिकेत बाजारात आले. त्यापूर्वी जनावरांचे राठ केस वापरत. नायलॉनचा तंतू वाकून वाकून आपला ताठपणा गमावतो. तंतू फिसकटले की त्यांची टोके दातांच्या फटीत नीट पोहोचत नाहीत. तिथे जंतूंचा चिकट थर राहतो. तो कडक झाला की त्याचे कीटण होते. कीटण ब्रशाने निघत नाही. त्यासाठी दंतवैद्याकडेच जावे लागते. तोवर हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते. (हिरडी म्हणजे उर्दूतले मसूडे. हिरडा निराळा, ते औषधी फळ आहे!)

खरी अडचण पैशाची आहे. एका डोक्याच्या किमतीत साधे दोन-चार ब्रश येतात. म्हणून काही घरांत एकच डोके वर्षभर चालवतात. मोटर जोरात गुरगुरते, पण दात साफ होत नाहीत. त्यापेक्षा नवा साधा ब्रश केव्हाही बरा. काही डोक्यांवर निळे तंतू असतात. त्यांचा रंग उडाला की डोके बदलायची वेळ झाली असे समजावे. नवे घ्यायला जाताना जुने डोके सोबत न्यावे, कारण एका कंपनीचे डोके दुसरीच्या मुठीवर सहसा बसत नाही.

एक मूठ आणि प्रत्येकाचे वेगळे डोके, अशी सोयही घरात करता येते. ओळखण्यासाठी काही डोक्यांना रंगीत कड्या असतात: भाईजानची निळी, आपाची पिवळी.

मिस्वाकचे कापलेले टोक मातीत मिसळून जाते. नायलॉन कुजत नाही, म्हणून जुने डोके सुक्या कचऱ्यात टाकावे. मुंबईच्या उपनगरातच, मुलुंडला, सुमारे पन्नास वर्षे शहराचा कचरा साठत होता. ती जागा 2018 साली बंद झाली, आणि मग तो डोंगर यंत्रांनी उपसायला घ्यावा लागला.